पिवळ्या जर्सीच्या पुढं कोण असतं?

जानेवारीत पुणे जिल्ह्यातल्या रस्त्यांवरून आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाच्या, म्हणजे यूसीआयच्या दर्जाची शर्यत गेली. तेव्हापासून या सदराकडं युरोपातल्या शर्यतींबद्दलची पत्रं यायला लागली आहेत. कुणी जुलैमध्ये टीव्हीवर तूर द फ्रान्स, म्हणजे फ्रान्समधली तीन आठवड्यांची शर्यत बघतं, कुणाच्या घरातला मुलगा रात्री मोबाइलवर बघत बसतो. निवडक प्रश्न इथं घेतले आहेत.

उत्तरांसाठी मी मुद्दाम २०२४ चा पुरुषांचा हंगाम धरलाय. त्यानंतरही शर्यती झाल्या, पण नव्यानं बघायला लागलेल्या माणसाला मी तोच हंगाम आधी बघायला सांगते. त्या वर्षी एका माणसानं जवळजवळ सगळं जिंकलं. आणि हा खेळ एकट्याचा नसतो, हेही त्याच वर्षी सगळ्यात स्वच्छ दिसलं.

ताई, तादेय पोगाचारनं २०२४ ची तूर जिंकली असं म्हणतात. मग त्याच्या संघातले बाकीचे सात जण काय करत होते? एकाच्या नावावर जाणाऱ्या खेळाला सांघिक का म्हणायचं?
*— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नाशिक*

याचं उत्तर वाऱ्यात आहे. सपाट रस्त्यावर ताशी ४५ किलोमीटरनं सायकल हाणताना पायांतली बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यातच जाते. पुढच्याच्या मागच्या चाकापासून वीत-दीड वीत अंतर ठेवून चाललास, तर तोच वेग साधारण तीस टक्के कमी ताकदीत मिळतो. मोठ्या घोळक्याच्या पोटात शिरलास तर त्याहूनही कमी ताकद पुरते. आता हिशेब कर: रोज चार-पाच तास, असे २१ टप्पे, मध्ये फक्त दोन विश्रांतीचे दिवस, एकूण साडेतीन हजारांच्या आसपास किलोमीटर. ज्यानं या सगळ्या वाटेत कमीत कमी वारा अंगावर घेतला, त्याच्याच पायांत शेवटच्या घाटाला जोर शिल्लक राहतो. म्हणून आठांतले सात जण वारा घेतात आणि एकाला जपतात.

पोगाचार स्लोव्हेनियाचा. त्याच्या यूएई या व्यावसायिक संघात ही कामं कशी वाटली होती ते बघ. निल्स पोलिट हा सहा फुटांहून उंच, धिप्पाड जर्मन. तो सपाटीवर आणि घाटाच्या पायथ्याला पुढं. त्याच्या जोडीला टिम वेलन्स. चढ लागला की मार्क सोलेर आणि पावेल सिवाकोव्ह. हे दमून बाजूला झाले की अ‍ॅडम येट्स, हुआन आयुसो, जुआंव अल्मेदा. प्रत्येक जण आपल्या वाट्याचा रस्ता पूर्ण ताकदीनं ओढतो, पाय संपले की कडेला होतो आणि मग आपल्या गतीनं वर येतो. त्याचं त्या दिवसाचं काम झालेलं असतं. मधल्या वेळात यांच्यातलाच कुणी मागं संघाच्या गाडीपर्यंत जातो, पाण्याच्या बाटल्या जर्सीत पाठीपोटाशी कोंबतो आणि पुन्हा पूर्ण घोळका ओलांडून पुढं येऊन वाटतो.

चौथा टप्पा मिळाला तर नक्की बघ. २ जुलै, गालिबिए घाट, माथा २,६४२ मीटरवर. अल्मेदा पुढं ओढत होता आणि आयुसो मागं रेंगाळत होता. अल्मेदानं मागं वळून हातवारे करून त्याला पुढं बोलावलं. सगळ्या जगानं ते बघितलं. एका संघात मोठी महत्त्वाकांक्षा असलेले तीन-चार जण असले की काय ओढाताण होते, ते त्या एका हातवाऱ्यात आहे. मग माथ्याजवळ पोगाचार सुटला, व्हालुआरपर्यंतचा उतार एकट्यानं उतरला, टप्पा जिंकला आणि पिवळी जर्सी, म्हणजे शर्यतीत एकंदर पहिला असलेल्याची, परत अंगावर चढवली.

अल्मेदा त्या तूरमध्ये एकंदर चौथा आला, येट्स सहावा. दुसऱ्याचं ओझं ओढून चौथा! दुसऱ्या एखाद्या संघात या दोघांभोवती अख्खा संघ बांधला गेला असता. विजेत्याला ५ लाख युरो मिळतात, आणि ती रक्कम सहकाऱ्यांत आणि संघाच्या कर्मचाऱ्यांत वाटून टाकायची रीत आहे. ती रीत मला फार रास्त वाटते.

पुढच्या वेळी शर्यत बघताना पिवळ्या जर्सीवरून नजर काढ. तिच्या पुढं कोण आहे आणि संघातले किती जण उरलेत, ते मोज. दोन तास आधीच निकालाचा अंदाज यायला लागेल.

मुलगा बघतो म्हणून मीही बघते. पिवळी, हिरवी, ठिपक्यांची, पांढरी, एवढ्या जर्सी कशाला? आणि रोज वेगळाच कुणी तरी जिंकतो, मग शेवटी एकच कसा जिंकतो?
*— गृहिणी, डोंबिवली*

रोजच्या टप्प्याचा विजेता वेगळा आणि सगळ्या टप्प्यांची वेळ मिळवून ज्याची बेरीज कमीत कमी, तो तूरचा विजेता. ती बेरीज ज्याची सर्वांत कमी असेल, त्याच्या अंगावर त्या दिवशी पिवळी जर्सी. म्हणजे एकही टप्पा न जिंकता तूर जिंकता येते. २०२४ मध्ये मात्र पोगाचारनं सहा टप्पेही जिंकले. त्याची बेरीज होती ८३ तास ३८ मिनिटं ५६ सेकंद, आणि दुसऱ्या आलेल्या योनास विंगेगोरची त्याहून ६ मिनिटं १७ सेकंद जास्त. पिवळा रंग आला तो शर्यत सुरू करणाऱ्या वर्तमानपत्राच्या पिवळ्या कागदावरून. इटलीच्या जिरोची जर्सी गुलाबी, तीही तिथल्या क्रीडा दैनिकाच्या गुलाबी कागदावरून.

हिरवी जर्सी गुणांची. टप्प्याच्या शेवटी आणि मधल्या ठरलेल्या जागी आधी पोचणाऱ्याला गुण मिळतात, त्यामुळं ती बहुधा शेवटच्या दोनशे मीटरांत मुसंडी मारणाऱ्याकडं जाते. पांढरी तरुणांतल्या पहिल्याला. त्या वर्षी ती रेमको एव्हनपूलकडं गेली. आणि लाल ठिपक्यांची म्हणजे घाटांची. मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात ना, तोच हा मान. फरक एवढाच की इथं तीन आठवड्यांतल्या सगळ्या घाटांचे गुण मोजतात. २०२४ चा राजा इक्वेडोरचा रिचर्ड कारापास होता.

मुलाबरोबर बघत राहा. डोंगरातल्या टप्प्याचे शेवटचे दोन तास तरी चुकवू नका.

मी आयुष्यभर घाटात एसटी चालवली. हे लोक उतारावर ज्या वेगानं येतात ते बघून छातीत धस्स होतं. ताशी किती वेग असतो? आणि त्यांचे अपघात कुणी थांबवत का नाही?
*— निवृत्त चालक, कोल्हापूर*

काका, तुमच्या छातीत धस्स होतं ते अगदी बरोबर होतं. मोठ्या घाटाच्या उतारावर ताशी ८० हा रोजचा वेग, आणि सरळ पट्ट्यात १०० च्या आसपास जातात. अंगावर पातळ कापड, डोक्यावर हेल्मेट, सायकल जेमतेम सात किलोची. नियमानं ती ६.८ किलोहून हलकी चालत नाही. रस्ता बंद असतो, म्हणून वळणाला पूर्ण रुंदी वापरतात: बाहेरून शिरायचं, आतली कड घासायची आणि पुन्हा बाहेर पडायचं. ब्रेक वळणाच्या आधी, बाहेरचं पायडल खाली दाबलेलं, नजर वळणापलीकडं. तुम्ही गाडी जशी वळणात घालण्याआधीच आवरत असाल, तसंच.

४ एप्रिल २०२४ ला स्पेनच्या बास्क प्रांतातल्या शर्यतीत, चौथ्या टप्प्यात, उजव्या वळणावर घोळक्याचं पुढचं टोक घसरलं आणि रस्त्याबाहेर गेलं. तिथं काँक्रीटची चारी होती, दगड होते. विंगेगोर, म्हणजे आधीच्या दोन वर्षांचा तूर विजेता, त्याचं गळ्याचं हाड आणि बरगड्या मोडल्या, फुफ्फुसाला इजा झाली. एव्हनपूलचं गळ्याचं हाड आणि खांद्याचं पातं मोडलं. ऑस्ट्रेलियाच्या जे व्हाइनच्या मणक्याला मार बसला. प्रिमोझ रोग्लिचही पडला आणि शर्यत सोडून गेला. हंगामातले मोठे लोक एका वळणावर एका क्षणात आडवे झाले. घोळक्याची शर्यत तिथंच थांबवली आणि आधी पुढं निसटलेल्या मोजक्या जणांनाच टप्पा लढू दिला.

विंगेगोर बारा दिवस रुग्णालयात होता. तिथून थेट जूनअखेर तूरच्या सुरुवातीला उभा राहिला, मध्ये एकही शर्यत नाही. अकराव्या टप्प्यात ल लिओरांला पोगाचार त्याला सोडून पुढं गेला होता. विंगेगोरनं त्याला गाठलं आणि शेवटच्या रेषेवर हरवलं. नंतर बोलताना त्याला रडू आवरेना. त्या वर्षीच्या निकालांत हा एक टप्पा म्हणजे एक ओळ आहे. मला विचाराल तर पूर्ण हंगामातली सगळ्यात मोठी कामगिरी ती.

थांबवण्याबद्दल विचारता. हेल्मेटची सक्ती झाली ती २००३ मध्ये आंद्रेई किव्हिलेव्ह पॅरिस–नीस शर्यतीत पडून वारल्यानंतर. उतारावर सायकलच्या आडव्या नळीवर बसून अंग दुमडायची पद्धत २०२१ मध्ये बंद केली. बेदरकारपणाबद्दल पिवळं कार्ड २०२५ पासून लागू झालं. हे सगळं योग्यच आहे, पण फार सावकाश चाललंय. जून २०२३ मध्ये स्वित्झर्लंडच्या शर्यतीत जिनो मेडर उतारावरून दरीत गेला आणि दुसऱ्या दिवशी वारला. सप्टेंबर २०२४ मध्ये झुरिकच्या जागतिक स्पर्धेत १८ वर्षांची मुरिएल फुरर जंगलातल्या रस्त्यावर पडली आणि बराच वेळ कुणाच्या लक्षातच आलं नाही. तीही वाचली नाही. ज्या खेळात टीव्हीला हेलिकॉप्टर असतं, त्या खेळात पडलेली मुलगी सापडत नाही, याचा मला अजून संताप येतो. प्रत्येक खेळाडूची जागा दर क्षणाला कळणं आणि धोक्याच्या वळणाला गादी लावणं, या दोन गोष्टींना तंत्रज्ञानाची अडचण नाही. पैसे कुणी द्यायचे, एवढाच प्रश्न आहे आणि आयोजक, संघ आणि महासंघ तो एकमेकांकडं ढकलतात.

ते एवढे तास खातात काय आणि लघवीला कुठं जातात? बाई वर्गात हसल्या म्हणून तुम्हाला विचारतेय.
*— इयत्ता आठवी, ठाणे*

अगं, हसण्यासारखं काही नाही, सगळेच विचारतात. लघवीला रस्त्याच्या कडेला थांबतात. बहुधा शर्यत निवांत असताना पुष्कळ जण एकदम थांबतात आणि त्या वेळी पुढं पळून जायचं नाही असा अलिखित संकेत आहे. खाणं ठरावीक जागी खांद्यावरच्या पिशवीतून मिळतं, ती चालत्या सायकलवरून पकडायची. त्यात साखरेचं घट्ट जेल, केळी आणि मऊ शिजवून थापलेल्या भाताच्या गोड वड्या असतात. आता तासाला १०० ग्रॅमच्याही वर पिष्ट-साखर पोटात घालतात आणि तेवढं पचवायचा सराव हिवाळ्यापासून करतात.

पोगाचारनं प्लातो द बेयच्या चढावर मार्को पांतानीची वेळ साडेतीन मिनिटांहून जास्त फरकानं मोडली असं वाचलं. पांतानीच्या काळात औषधं होती हे सगळ्यांना माहीत आहे. मग आताच्या वेगावर आम्ही विश्वास कसा ठेवायचा? खरं सांगा.
*— निवृत्त औषधविक्रेते, मिरज*

तुम्ही औषधांच्या दुकानात आयुष्य काढलंय, तेव्हा जे आहे ते नीट मांडते.

इटलीच्या पांतानीनं १९९८ मध्ये जिरो आणि तूर दोन्ही जिंकल्या. पोगाचारच्या २०२४ पर्यंत ते पुन्हा कुणाला जमलं नव्हतं. १९९८ ची ती तूरच एका संघाच्या गाडीत सापडलेल्या औषधांमुळं मोडकळीला आली होती. पुढच्या वर्षी जिरो जिंकत असताना रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण मर्यादेबाहेर निघालं म्हणून पांतानीला मादोन्ना दि कांपिल्योहून घरी पाठवलं. २००४ मध्ये तो रिमिनीतल्या हॉटेलात मेलेला सापडला. १९९८ च्या त्याच्या नमुन्यांत ईपीओ, म्हणजे लाल पेशी वाढवणारं औषध होतं, हे २०१३ मध्ये फ्रेंच सिनेटच्या अहवालातून बाहेर आलं. २०२४ च्या तूरचा पहिला टप्पा रिमिनीला संपला आणि दुसरा पांतानीच्या गावाहून, चेझेनातिकोहून निघाला. त्याला तिथं अजून पुजतात. मी त्याचे घाट पाहून या खेळात आले, त्यामुळं त्याच्याबद्दल राग धरणं मला जमलं नाही. पण जे झालं ते झालं.

आता १४ जुलै २०२४, म्हणजे प्लातो द बेयच्या चढाचा दिवस. त्या दिवशी एकट्या पोगाचारनं पांतानीची वेळ मोडली नाही. त्याच्या मागून आलेला विंगेगोरही पांतानीहून पुष्कळ जलद चढला. चढाच्या पायथ्यापासून विंगेगोरच्या संघानं जीव तोडून वेग ठेवला होता. साडेदहा किलोमीटर उरले असताना विंगेगोर सुटला, पोगाचार त्याच्या चाकाला लागून राहिला आणि शेवटच्या साडेपाच किलोमीटरला निघून गेला. म्हणजे दोघांनी एकमेकांना ओढत नेलं. सायकली हलक्या आणि वारा कापणाऱ्या झाल्या, टायर रुंद आणि घरंगळायला सोपे झाले, वर त्या ठाण्याच्या मुलीला सांगितलं तसं खाणं दुप्पट झालं, उंचावरचे सराव नेमके झाले. या सगळ्यांची बेरीज मोठी होते, हे मी माझ्याकडं सरावाला येणाऱ्या साध्या मुलांमध्येही बघते. नुसतं खाणं सुधारलं तरी शेवटच्या तासाची सायकल बदलते.

तेवढ्यानं साडेतीन मिनिटं पूर्ण समजतात का? माझं समाधान पूर्ण होत नाही. पोगाचारवर एकही चाचणी उलटलेली नाही. २००८ पासून प्रत्येक खेळाडूच्या रक्ताची वर्षानुवर्षं नोंद ठेवणारा जैविक पासपोर्ट आहे आणि तो १९९८ मध्ये नव्हता. पण अमेरिकेचा लान्स आर्मस्ट्राँगही आपली एकही चाचणी उलटली नाही असंच सांगत होता, आणि २०१२ मध्ये त्याची सातही तूर विजेतेपदं काढून घेतली. २०२४ च्याच तूरमध्ये आणखी एक गोष्ट कळली. काही मोठे संघ रक्तातलं हिमोग्लोबिन मोजायला कार्बन मोनॉक्साइड हुंगायचं यंत्र वापरत होते. मोजायला तो वायू एकदा घेणं वेगळं. तो पुन्हा पुन्हा घेतला तर शरीर लाल पेशी वाढवतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. संघांनी फक्त मोजमापासाठी वापरल्याचं सांगितलं आणि २०२५ च्या फेब्रुवारीपासून यूसीआयनं तो वारंवार हुंगण्यावर बंदी घातली. ती बंदी मला फार मोलाची वाटते, कारण कुणी पकडलं जाण्याआधी ती आली.

तेव्हा मी काय करते ते सांगते. पोगाचारचा चढ मी मन लावून बघते, पोरांना दाखवते, आणि पोरांनी तुमचाच प्रश्न विचारला की वरची सगळी हकीकत सांगते. त्यांना यातलं काहीही मी लपवत नाही.

रोज हरणाऱ्यालाही वेळेची मर्यादा असते आणि ती चुकली तर घरी पाठवतात, हे खरं का? हा दुष्टपणा नाही का?
*— शिक्षक, लातूर*

खरं आहे. विजेत्याच्या वेळेत ठरावीक टक्के मिळवून मर्यादा काढतात. टप्पा जेवढा अवघड तेवढी सवलत जास्त. त्याच्या आत आला नाहीत तर शर्यत संपली. दुष्टपणा वाटतो, पण ही मर्यादा नसती तर सपाटीवरचे वेगवान गडी डोंगरातले दिवस आरामात काढून दुसऱ्या दिवशी ताजेतवाने उभे राहिले असते.

ब्रिटनच्या मार्क कॅव्हेंडिशची गोष्ट ऐका. तूरचे टप्पे जिंकण्यात बेल्जियमचा जुना विजेता एडी मर्क्स आणि तो ३४ वर बरोबरीत. २०२३ मध्ये पस्तिसाव्यासाठी आला आणि पडून गळ्याचं हाड मोडलं. निवृत्ती जाहीर केली होती, ती मागं घेतली. वयाच्या ३९ व्या वर्षी २०२४ मध्ये पुन्हा आला, आणि फ्लॉरेन्सहून निघालेल्या पहिल्याच टप्प्यात इटलीच्या उन्हात सायकलवरच ओकायला लागला. घोळका पुढं निघून गेला. त्याचे अस्ताना संघातले सोबती मागं थांबले, त्याला मध्ये घेतलं आणि मर्यादेच्या आत रिमिनीला आणलं. त्या सोबत्यांचं त्या दिवशीचं काम निकालाच्या तक्त्यात शोधायचं तर अगदी तळाशी बघावं लागतं.

३ जुलैला, पाचव्या टप्प्यात सँ-व्हुल्बासला कॅव्हेंडिशनं पस्तिसावा टप्पा जिंकला. प्रतिस्पर्धी संघांतले लोक सायकली टाकून त्याला मिठ्या मारायला आले. पहिल्या दिवशी ते सोबती थांबले नसते तर हे घडलंच नसतं. तुमच्या वर्गात सांगा.

मी आइंडहोवनला नोकरी करतो. एप्रिलमध्ये एखादी शर्यत रस्त्यावर उभं राहून बघायची आहे. कुठं जाऊ? तिकीट किती?
*— संगणक अभियंता, नेदरलँड्स*

तिकीट नाही, हेच तर या खेळाचं वैभव! कडेला उभं राहायचं. बेल्जियम तुमच्या दारात आहे, फ्लँडर्सच्या शर्यतीला जा. आउडेनार्देजवळचा आउडे क्वारेमाँट चढ निवडलात तर घोळका एकापेक्षा जास्त वेळा समोरून जाईल. कोपेनबर्ग जास्त उग्र आहे, दगडी फरशीचा आणि इतका उभा की २०२४ मध्ये ओल्या दगडांवर चाक फिरेना म्हणून नावाजलेले गडी उतरून सायकल ढकलत चालत गेले. तिथंच मॅथ्यू व्हान डर पूल जागतिक विजेत्याची इंद्रधनुषी जर्सी घालून सुटला आणि शेवटचे ४५ किलोमीटर एकटा गेला.

पुढच्या रविवारी पॅरिस–रुबे असते, उत्तर फ्रान्समध्ये. त्या वर्षी २६० किलोमीटरांत जवळपास ५६ किलोमीटर खडबडीत दगडांचे होते. तीही व्हान डर पूलनंच, ६० किलोमीटर एकट्यानं जाऊन, बरोबर तीन मिनिटांच्या फरकानं जिंकली. दुसरा आला त्याच्याच संघातला यास्पर फिलिप्सेन. तो मागच्यांबरोबर होता आणि स्वतः कष्ट न करता नुसता बसून राहिला. पुढं सोबती असताना पाठलाग ओढायचा नसतो. बसून राहणं हेही सोबत्याचंच काम. पाऊस असो वा धूळ, जुने बूट घालून जा आणि दगडांपासून दोन पावलं मागं उभे राहा.

झुरिकच्या जागतिक स्पर्धेत पोगाचारबरोबर फ्रान्सचा सिवाकोव्ह का गेला? तो प्रतिस्पर्धी होता ना?
*— वाचक, म्हापसा*

प्रश्न छान पकडलात. त्या एका दिवशी व्यावसायिक संघ बाजूला ठेवून सगळे देशासाठी धावतात. सिवाकोव्ह वर्षभर पोगाचारचा सोबती, २९ सप्टेंबर २०२४ ला मात्र फ्रान्सच्या जर्सीत. पोगाचारनं तब्बल १०० किलोमीटर उरले असताना हल्ला केला. एवढ्या लांबून कुणी जात नाही, म्हणून एव्हनपूल, व्हान डर पूल वगैरे थांबून एकमेकांकडं बघत राहिले. स्लोव्हेनियाचा यान त्रात्निक आधीच पुढं निसटलेल्यांत होता. तो पोगाचारसाठी थांबला आणि त्यानं अंगातलं होतं नव्हतं ते ओढलं. मग काही अंतर सिवाकोव्ह सोबत राहिला. फ्रान्सच्या दृष्टीनंही ते शहाणपणाचं, कारण त्याचं पदक तिथंच होतं. पण पाय टिकले नाहीत आणि शेवटचे ५१ किलोमीटर पोगाचार एकटा गेला. जिरो, तूर आणि जागतिक विजेतेपद एका वर्षात याआधी दोघांनीच घेतलं होतं, मर्क्सनं १९७४ मध्ये आणि स्टीफन रोशनं १९८७ मध्ये. स्लोव्हेनियाची लोकसंख्या २१ लाखांच्या घरात, पुणे शहराहून कमी. आणि त्याच वर्षीची स्पेनची व्हुएल्टा जिंकणारा रोग्लिचही स्लोव्हेनियाचाच!

माझा मुलगा १५ वर्षांचा आहे. त्याला असा सायकलपटू व्हायचंय. दोन लाखांची कार्बनची सायकल मागतोय. काय करू?
*— पालक, सांगली*

सायकल आत्ता घेऊ नका. आधी दुसरं सांगते.

युरोपबाहेरून तिथं पोचता येतं. इरिट्रियातल्या अस्माराचा बिनियम गिर्माय स्वित्झर्लंडमधल्या एग्लच्या यूसीआय केंद्रात शिकला आणि एका लहान बेल्जियन संघातून २०२४ च्या तूरला आला. त्यानं तीन टप्पे आणि हिरवी जर्सी घेतली. तूरचा टप्पा जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकी. पण अस्मारात इटालियनांच्या काळापासून शर्यतींची परंपरा आहे आणि तिथली पोरं लहानपणापासून घोळक्यात चालवतात. आपल्याकडं ताकदीची मुलं खूप आहेत. २०१९ मध्ये आपल्या कुमार मुलांनी फ्रँकफर्ट-ओडरला ट्रॅकवरच्या सांघिक स्प्रिंटचं जागतिक सुवर्ण आणलं. रस्त्यावर आपण मागं पडतो ते घोळक्यात चालवायचा सराव नसल्यामुळं. एकट्यानं घाट चढणारी मुलं माझ्याकडं येतात. शंभर जणांत खांद्याला खांदा लावून वळण घ्यायचं म्हटलं की ती ब्रेक दाबतात.

म्हणून मुलाला आधी गटात घाला. सांगली-मिरजेत पहाटे एकत्र सराव करणारी पोरं आहेत, त्यांच्यात तो सहा महिने टिकू दे. चाक धरायला, म्हणजे पुढच्याच्या मागं चिकटून चालवायला शिकू दे, पुढं येऊन आपल्या वाट्याचा वारा घ्यायला शिकू दे. घाईही नको. रोग्लिच विशीपर्यंत स्की-जंपिंग करत होता, एव्हनपूल सतराव्या वर्षापर्यंत फुटबॉल खेळत होता. शाळा सोडू देऊ नका आणि वजन कमी करण्याच्या नादाला त्याला अजिबात लागू देऊ नका, हे वाढीचं वय आहे.

सहा महिने टिकला तर अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमची, ड्रॉप हँडलची, चालू गिअरची वापरलेली सायकल बघा. पैसे वाचवायचे असतील तर सायकलीवर वाचवा, हेल्मेट मात्र नवंच घ्या. आणि माप चुकलं तर गुडघे जातात. त्याची उंची आणि भिंतीला टेकून उभं करून जांघेपासून टाचेपर्यंतचं माप सेंटिमीटरमध्ये लिहून पाठवा. फ्रेम किती मापाची घ्यायची आणि सीट कुठं ठेवायची, ते मी कळवते.